पिल्लांचं घड्याळ

तीन दिवस घरात कोणी कोणाशी भांडलं नाही, तेव्हाच खरं तर वहिनीला संशय यायला हवा होता.

या घरात शांतता पाहुणीसारखी यायची आणि चहा व्हायच्या आत निघून जायची. वहिनीचे सासरे, घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी, खुब्याचं हाड मोडून इस्पितळात पडले, त्यालाही आता तीन आठवडे होत आले होते. त्यातले पहिले अठरा दिवस नेहमीसारखे गेले, म्हणजे आदळआपट करत. आणि मग गुरुवारपासून सगळे एकमेकांशी असे गोड वागायला लागले की शेजारच्या बाईने वहिनीला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "कुणाचं काही बरंवाईट झालं का हो?"

वहिनीला संशय आला नाही, कारण ती दमलेली होती. दमलेल्या माणसाला चांगली बातमी तपासून बघायचा उत्साह नसतो. आठ ते अडीच बेकरीत पाव पाकिटात भरायचे, तीनला घरी यायचं, इस्पितळाचा डबा करायचा, डबा धाडायचा, घर आवरायचं. आणि या सगळ्याच्या मध्ये, चालत्या जात्यात खडा यावा तशी, पिल्लं.

पिल्लं माशांची होती. बैठकीच्या खोलीत सहा फुटी काचेची टाकी होती आणि तिच्यात घड्याळजींचं लाडकं जोडपं राहत होतं. सिक्लिड जातीचे मांसखाऊ मासे; हातभर लांब, अंगावर ठिपके आणि नजर अशी की समोरचा माणूस आपणहून शर्टाची बटणं लावून घेई. घरात त्यांना जहागीरदार आणि जहागीरदारीण म्हणत. जहागीरदाराने एकदा टाकीवर वाकलेल्या विमा एजंटाचा टाय धरला होता, आणि टाय सुटल्यावर त्या एजंटाने खाली उतरून पहिलं काम काय केलं असेल तर स्वतःचाच विमा काढला. खोटं वाटत असेल तर टायचा तुकडा अजून कपाटात आहे. जहागीरदारिणीने सपाट दगडावर अंडी घातली, ती फुटली, पिल्लं पोहायला लागली, तशी घड्याळजींनी ती शेजारच्या छोट्या टाकीत वेगळी केली. तिला तीन बाजूंनी टॉवेल लावला, पिल्लं बुजू नयेत म्हणून. मग डोळ्याला भिंग लावून त्यांनी मोजणी केली. एकशे त्रेचाळीस. त्याच दिवशी पाण्याची बादली नेताना ते ओल्या फरशीवरून घसरले. स्ट्रेचरवरून जाताना म्हातारा कळवळत नव्हता, आकडा सांगत होता. "एकशे त्रेचाळीस. आल्यावर मोजीन."

ही पिल्लं दिवसातून चार वेळा जेवतात: सात, अकरा, चार आणि आठ. आधी मिठाच्या पाण्यात उबवलेले ठिपक्याएवढे जीव, मग जरा मोठी झाली की सोललेली कोळंबी बारीक वाटून, नाहीतर धुतलेलं गांडूळ कात्रीने कापून. जास्त झालं तर पाणी नासतं. आणि कमी झालं तर? घड्याळजी त्यावर सरळ सांगत, "पोट भरलंय तोवर भावंडं. पोट रिकामं झालं की मोठं ते जेवणारं आणि लहान ते जेवण."

कोणी घातलं, कोणी नाही, याचा घोळ होऊ नये म्हणून टाकीच्या वर भिंतीवर एक बंद घड्याळ टांगलेलं होतं. मिनिटकाटा केव्हाच गेला होता, नुसता तासकाटा उरला होता. ज्याने खायला घातलं त्याने बोटाने काटा त्या वेळेच्या पुढे सरकवायचा. काटा साताच्या पुढे दिसला की सातचं जेवण झालं. अकराच्या पुढे दिसला की अकराचं झालं. बावीस वर्षं या घरात मासे या घड्याळावर जेवत होते आणि कधी चूक झाली नव्हती, कारण बंद घड्याळ कधी चुकत नाही. ते आपल्या मनाने काहीच करत नाही.

पाळ्या कागदावर लिहून फ्रीजला चिकटवल्या होत्या. सातला थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, अकराला त्याची दोन गल्ल्या पलीकडे राहणारी बहीण मधली, चारला वहिनी, आठला जो असेल तो. प्रत्यक्षात सातला थोरला दाढी करत असायचा, मधलीच्या शिवणयंत्रावर शाळेच्या गणवेशांचा ढीग असायचा, आणि आठला जो असेल तो वहिनीच असायची.

पण गुरुवारी सकाळी ती सव्वासातला बैठकीत डोकावली तर काटा साताच्या पुढे! तीनला घरी आली तर काटा अकराच्या पुढे. कणीक भिजवून चारनंतर हात पुसत गेली तर काटा चाराच्याही पुढे. ती दारातच उभी राहिली. तिला एकदम रडूच आलं, चांगल्या अर्थाने. आपण कणकेत असताना कोणीतरी येऊन घालून गेलं; माणसं सुधारली म्हणायची! दाराशी उभं राहून घड्याळ दिसतं. पिल्लं बघायची तर गुडघे टेकून टॉवेलच्या फटीतून वाकावं लागतं. तिने गुडघे टेकले नाहीत. ती आत गेली आणि एकोणीस दिवसांत पहिल्यांदा दुपारची आडवी झाली.

रात्री थोरल्याला तिने दोन पोळ्या जास्त वाढल्या आणि मधलीला फोनवर म्हणाली, "वन्सं, तुम्ही आहात म्हणून चाललंय हो." मधलीला वाटलं, आपण गुरुवारी अकराला गेलो, काटा पुढे दिसला म्हणून परत आलो, तरी ही बिचारी आपलं कौतुक करते. किती मोठं मन. ती म्हणाली, "अहो, करता सगळं तुम्हीच. आमचं आपलं नावाला."

तीन दिवस हे असं चाललं.

रविवारी घड्याळजी संध्याकाळी पाचला घरी यायचे होते. टाकीची काच स्वच्छ असावी म्हणून वहिनीने बाराच्या सुमाराला ओलं फडकं घेतलं आणि गुडघे टेकले.

टॉवेल बाजूला केला. टाकीत एवढी जागा कुठून आली, हेच तिला आधी कळेना. मग एक पिल्लू संथपणे काचेजवळ आलं. बाकीच्यांच्या दुप्पट होतं ते. त्याच्या तोंडाबाहेर एक छोटीशी शेपूट होती, सिगारेट धरावी तशी. त्याने वहिनीकडे पाहिलं आणि शेपूट आत ओढून घेतली.

"अहो," वहिनी म्हणाली. मग ओरडून, "अहो!"

---

मधली पंधरा मिनिटांत आली, गळ्यात टेप तसाच. बैठकीत थोरला सदऱ्याशिवाय उभा होता आणि वहिनी फरशीवर बसली होती.

"एकतीस," थोरला म्हणाला. "मी दोनदा मोजली."

"बाकीची?"

"त्या एकतिसांत."

मधलीने तोंडावर हात ठेवला. तिला पहिला विचार पिल्लांचा आला नाही. तिला पाच वाजता दारात येणारा म्हातारा दिसला आणि त्याचं ते 'आल्यावर मोजीन' ऐकू आलं. लहानपणी या 'मोजीन'ने तिची झोप उडायची. चहाचे चमचे, शिवणाच्या सुया, परीक्षेतले गुण, बाप सगळं मोजायचा. आणि कमी भरलं की ओरडायचा नाही, नुसता 'हं' म्हणायचा. त्या 'हं'पेक्षा चार थपडा बऱ्या.

"वहिनी, असं कसं झालं हो? तुम्ही घालत होता ना?"

"मी?" वहिनीने मान वर केली. "तुम्ही घालत होतात ना?"

"मी कुठे? मी आले तेव्हा काटा पुढे होता. म्हटलं, वहिनींनी जाताना घातलं असेल."

"अकराचं मी आठला कसं घालणार?"

"मग तो फोन? 'तुम्ही आहात म्हणून चाललंय'?"

"अहो, मला वाटलं तुम्ही..." वहिनी थांबली. तीन दिवसांचा गोडवा त्या दोघींच्या मध्ये फरशीवर सांडलेल्या दुधासारखा पसरला आणि पुसायला कोणी उठेना.

"हे बघा," थोरला म्हणाला, "मुद्दा सोपा आहे. घर जिचं, लक्ष तिचं. दिवसभर घरात..."

"दिवसभर घरात कोण असतं?" वहिनीने शांतपणे विचारलं.

"म्हणजे, दुपारनंतर."

"सातची पाळी कोणाची होती?"

"काटा पुढे होता!"

"दादा," मधली म्हणाली, आणि एवढ्या एका हाकेत ती पक्ष बदलून वहिनीच्या शेजारी जाऊन बसली, "तू पाण्याचे मीटर वाचायची नोकरी करतोस ना? अठ्ठावीस वर्षं? सगळ्या गावाच्या तबकड्या वाचतोस, आणि घरातला एक काटा तुला वाचता येत नाही?"

"मी बरोबरच वाचला! गुरुवारी सात दहाला साताच्या पुढे होता. शुक्रवारीही. काल तर मी मुद्दाम..." त्याची नजर भिंतीकडे गेली. "आत्ता काय वाजलेत?"

"साडेबारा होत आले."

तिघांनी वर पाहिलं. काटा बारा आणि एकच्या बरोबर मध्ये होता.

"बाराला कुठे जेवण असतं?" वहिनी म्हणाली. "काटा कोणी हलवला?"

थोरला स्टुलावर चढला आणि घड्याळाला कान लावला. हवेच्या पंपाची भुरभुर खोलीत सतत चालू असायची. तिच्यामुळे खाली काही ऐकू येत नव्हतं. पण कान लावल्यावर आलं. थोरला खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा मीटर उलटा फिरताना पाहिलेल्या माणसासारखा झाला होता.

"चालू आहे," तो म्हणाला.

"काय चालू आहे?"

"घड्याळ. घड्याळ चालू आहे! टिकटिक करतंय."

कोणी नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. बुधवारी दुपारी, घरात कोणी नसताना, सर्वांत धाकटा भाऊ इमारतीची लिफ्ट बघायला आला होता. तो लिफ्टच दुरुस्त करायचा, पोटासाठी. ही लिफ्ट सात महिने बंद होती, आणि बाबांना खुर्चीवरून तीन जिने कसे चढवणार म्हणून त्याने अर्धी रजा टाकून ती चालू केली होती. घराची किल्ली मधलीकडून नेली होती. 'हात धुवायला,' म्हणाला होता.

आणि ते घड्याळ धाकट्याचंच होतं. पंधरा वर्षांचा असताना बापाच्या टेबलावर त्याने पहिल्यांदा उघडलेलं. आतली स्प्रिंग त्याच्या हातून सुटली, चाकं खाटकन वाकली, मिनिटकाटा उडून कुठे गेला तो आजवर सापडला नाही. घड्याळजी 'हं' म्हणाले. त्यानंतर धाकटा त्या टेबलापाशी बसला नाही. आणि ज्या घड्याळजींच्या घरात बंद घड्याळ औषधालाही सापडायचं नाही, त्या घरात ते एकच बंद घड्याळ बैठकीत, सगळ्यांना दिसेल असं, बावीस वर्षं लटकत राहिलं.

"गाढव," थोरला म्हणाला. "सांगायचं तरी एका शब्दाने!"

"बाबांना अचानक दाखवायचं असेल," वहिनी म्हणाली.

"दाखवेल ना आता. बाबा मोजतील आणि हा दाखवेल. मी तर सरळ सांगणार, ज्याचं त्याच्या पदरात."

"आपण काटा काढून टाकू," मधली म्हणाली. "घड्याळच पडलं म्हणू. आणि बाजारातून तसलीच पिल्लं आणू शंभरेक."

"शंभर आणि बारा," थोरल्याने सवयीने दुरुस्त केलं.

"आणि बाबांना कळणार नाही?" वहिनी म्हणाली. "या माणसाने एकदा खिडकीतून ओरडून खालच्या मास्तरांना सांगितलं होतं, 'मास्तर, तुमचं दीड मिनिट मागे आहे.' मास्तर त्या दिवसापासून दुसऱ्या रस्त्याने जातात." ती उठली. उठताना गुडघा वाजला. "आधी ती वेगळी करा. भांडण कुठे पळून जात नाही. पिल्लं जातायत."

मग तिघांनी तीन पातेली घेतली. चहाच्या गाळणीने एकेक पिल्लू उचलायचं आणि मापाने टाकायचं: मोठी एकात, मधली दुसऱ्यात, लहान तिसऱ्यात. हेही घड्याळजींनीच शिकवलेलं; दर आठवड्याला ही निवड व्हायला हवी होती आणि तीन आठवड्यांत कोणी केली नव्हती. मधलीचा हात शिवणाचा, तिला पटापट जमलं. थोरल्याच्या गाळणीतून ते दांडगट पिल्लू दोनदा उडी मारून परत गेलं.

"धरा हो त्याला," वहिनी म्हणाली. "तो थोरला आहे. कामाच्या वेळी निसटतो."

मधली हसली. थोरला हसला नाही, पण त्याने गाळणी नीट धरली. लहानांच्या पातेल्यात सहाच निघाली, टाचणीच्या डोक्याएवढ्या पोटांची, आत गेलेल्या. वहिनीने बर्फाच्या साच्यातून वाटलेल्या कोळंबीचा खडा काढला, वितळवला, चिमटीने सोडला. त्या सहांनी आधी ओळखलंच नाही. मग तुटून पडली.

"घड्याळाचं काय करायचं?" मधलीने हळूच विचारलं. "बंद करू?"

वहिनीने गाळणी झटकली. "बावीस वर्षांनी चालू झालंय," ती म्हणाली. "मी नाही बंद करणार. तुम्हाला जमत असेल तर करा."

कोणाला जमलं नाही.

---

टॅक्सीत घड्याळजी पुढे बसले होते आणि धाकटा मागे, मांडीवर औषधांची पिशवी घेऊन. तीन आठवड्यांत बापाची मान बारीक झाली होती. मागून बघताना ती त्याला अनोळखी वाटली.

इमारतीशी लिफ्ट उघडी होती. घड्याळजींनी चाकाच्या खुर्चीतून आधी दाराकडे, मग वर दिव्याकडे पाहिलं.

"ही चालू झाली?"

"हो."

"कोणी केली?"

"मी."

"हं," घड्याळजी म्हणाले. लिफ्ट वर जाताना ते डोळे मिटून आवाज ऐकत होते. दुसरा मजला गेल्यावर म्हणाले, "डाव्या बाजूला घासतेय."

"माहीत आहे. रबर मागवलंय."

पुढचं धाकट्याने मनात तीनशे वेळा घडवून पाहिलं होतं. आत गेल्यावर आपण काहीच बोलायचं नाही. बाबांना आपोआप ऐकू येईल. ते वर बघतील. मग काय म्हणतील हे मात्र त्याला एकदाही नीट रचता आलं नव्हतं. दर वेळी तिथे नुसती पांढरी जागा यायची.

दार उघडलं. त्याने पहिली नजर भिंतीवर टाकली, आहे ना, चालू आहे ना. ती नजर घरातल्या तिघांनी पाहिली. ओठांवर हसू दाबून धरलेलं, पंधरा वर्षांच्या पोरासारखं. सदतीस वर्षांचा बाप्या, डोक्यावर विरळ झालेले केस, आणि हसू ते.

थोरल्याने तोंड उघडलं होतं, 'सरळ सांगणार' ते सांगायला. ते त्याने मिटलं.

"खुर्ची टाकीशी घ्या," घड्याळजी म्हणाले. घ्यावी लागली. टॉवेल बाजूला झाला. टाकी रिकामी होती. पुढ्यात तीन पातेली. घड्याळजींनी एकेकात पाहिलं. भिंग लागलं नाही.

"किती?"

"एकतीस," वहिनी म्हणाली.

मोठ्या टाकीतून जहागीरदार काचेला नाक लावून बघत होता. आपली पोरं कोणाच्या हवाली केली होती हे त्याला आज कळत असावं.

"सातची पाळी माझी होती," थोरला एकदम म्हणाला. "मी झोपून राहिलो, बाबा. तीन दिवस."

"अकराला मी आलेच नाही," मधली म्हणाली. "गणवेश होते."

"चारला मी झोपले होते," वहिनी म्हणाली. त्या तीन कबुल्यांत खरी हीच एक होती.

धाकटा एकेकाकडे बघत राहिला. हे सगळे असे धडाधड गुन्हे का कबूल करतायत? या घरात कपबशी फुटली तर वारा यायचा, मांजर यायचं, पण माणूस कधी पुढे यायचा नाही. मग त्याने त्यांच्या नजरा पाहिल्या. सगळ्या त्याला सोडून इकडेतिकडे होत्या, आणि भिंतीकडे तर एकही नव्हती. त्याने स्वतः वर पाहिलं. काटा पाचाच्या जरा पुढे. चाराच्या पुढे. जेवण झालं, असं सांगणारा.

दाबलेलं हसू केव्हा गेलं ते त्याला कळलं नाही.

"बाबा," तो म्हणाला, "यांचं काही नाही. माझ्यामुळे..."

"शू." घड्याळजींनी हात वर केला. "पंप बंद करा."

थोरल्याने बटण दाबलं. तीन आठवड्यांत, की तीन वर्षांत, खोलीतली भुरभुर पहिल्यांदा थांबली आणि तिच्याखाली इतका वेळ दबलेली टिकटिक वर आली. घड्याळजींनी डोळे मिटले. मिनिटभर, दोन मिनिटं.

"दिवसाला चार मिनिटं पुढे जातंय," ते म्हणाले.

"हो," धाकटा म्हणाला. "जुळवायचं राहिलं."

"स्प्रिंग कुठे मिळाली?"

"जुन्या बाजारात. दुसऱ्या एका घड्याळातून काढली. बारा घड्याळं उघडावी लागली."

"मी पंधरा उघडली होती," घड्याळजी म्हणाले.

धाकट्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"त्या वर्षी. पंधरा. एकाचीही बसली नाही. मग चाकं सरळ करायला घेतली तर एकाचे दात गेले. तुझ्या हातून नाही गेले ते. माझ्या." म्हाताऱ्याने भिंतीकडे बोट केलं. "घड्याळजीच्या घरात बंद घड्याळ दिसलं की गिऱ्हाईक विचारणार. म्हणून म्हटलं, माशांचं आहे."

बावीस वर्षं. धाकटा बापाच्या खुर्चीशेजारी फरशीवर बसला. आपली नापासाची गुणपत्रिका म्हणून जिच्याकडे मान वर करून बघता येत नव्हतं, ती बापाची निघाली.

"सांगायचं तरी," तो म्हणाला.

"तू कुठे सांगितलंस, चालू केलंस तेव्हा?" म्हातारा म्हणाला. "पंप लावा आता. जहागीरदार गुदमरेल." आणि भुरभुर सुरू झाल्यावर, "चांगलं बसवलंयस."

मधलीने टेपच्या टोकाने डोळा पुसला. थोरल्याने विचारलं, "मग घड्याळ काढू? दुसरं बंद घड्याळ लागेल ना माशांना?"

"आहे कुठे?"

घरात एकूण नऊ घड्याळं होती. थोरल्याने खरंच जाऊन पाहिलं. नऊच्या नऊ चालू होती, मेली.

"म्हणजे आता माणसंच लागतील," घड्याळजी म्हणाले. "पाळ्या लावा."

"पाळ्या होत्या, बाबा," वहिनी म्हणाली.

ती रागाने बोलली नाही. रागाला लागते तेवढी ताकदही तिच्या आवाजात नव्हती. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती; तांदूळ निवडायचे होते, म्हाताऱ्याचं अंथरूण लावायचं होतं, औषधांच्या वेळा वाचायच्या होत्या. घड्याळजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, मग फ्रीजवरच्या कागदाकडे, मग पोरांकडे.

"पहिले अठरा दिवस कोण घालत होतं?"

थोरला पातेल्यात बघायला लागला. मधली टेप गुंडाळायला लागली. म्हाताऱ्याला तेवढं पुरेसं होतं.

"हं," तो म्हणाला. पण हा 'हं' वेगळा होता. मधलीने तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तो स्वतःलाच म्हटलेला होता. "हिला बसायला खुर्ची द्या कोणीतरी."

"मला स्वयंपाक..."

"बस."

थोरल्याने खुर्ची आणली. चांगली, हाताची. वहिनी तिच्या कडेवर बसली, उठायच्या तयारीत. मग हळूहळू पाठ मागे टेकली.

"माझं काही करायचं झालं तरी हेच," म्हातारा पोरांना म्हणाला. "मीही चार वेळा जेवतो. आणि उपाशी ठेवलंत तर सांगून ठेवतो, घरात सर्वांत मोठा मी आहे."

"आज आठचं कोण घालतंय?" थोरल्याने विचारलं, आणि सवयीने बायकोकडे पाहिलं. मग सवय मोडून दुसरीकडे पाहिलं.

"मी आहे आठपर्यंत," धाकटा म्हणाला.

आठला त्याने कोळंबीचा खडा वितळवला. आधी लहानांना, मग मधल्यांना, आणि शेवटी मोठ्यांना, त्या दांडग्या थोरल्यासकट. थोडं थोडं, संपेल तसं. मग हात पुसून तो सवयीने घड्याळाकडे वळला आणि बोट वर नेलं. काटा आठाच्या पुढे होताच. आपला आपण जात होता.

तो तसाच बोट वर करून उभा राहिला. घातलं, हे आता कोणाला कसं कळणार?

बाजूच्या खुर्चीत वहिनी मान टाकून बसली होती, डोळे मिटलेले. आतून थोरल्याच्या हातून भांडं पडल्याचा आवाज आला, तरी तिने डोळे उघडले नाहीत.

"वहिनी," धाकटा हळूच म्हणाला, "घातलं."

"पोटं बघितलीस?" ती डोळे मिटूनच म्हणाली.

त्याने गुडघे टेकले, तिन्ही पातेल्यांवर एकेक करून वाकला.

"गोल आहेत."

"सगळ्यांची?"

त्याने पुन्हा पाहिलं, मोजत. "एकतीस."

वहिनी झोपली होती.